आधी माणूस की आधी जागा? क्वेकरांची नावे सुचवण्याची रीत

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या ज्या शाखा आजही मौन उपासना करतात, त्यांच्याकडे पगारी पाद्री नसतो. रविवारी सकाळी लोक एका साध्या खोलीत समोरासमोर बसतात, बहुतेक सगळा तास शांततेत जातो, एखाद्याला आतून बोलावेसे वाटले तर तो उभा राहून थोडके बोलतो आणि पुन्हा बसतो. पण पाद्री नसला म्हणून पाद्र्याची कामे संपत नाहीत. आजारी माणसाच्या घरी कुणीतरी जायला हवे, लग्नाची कायदेशीर नोंद व्हायला हवी, अंत्यविधीची उपासना कुणीतरी लावून द्यायला हवी. मुलांचे वर्ग, गळके छप्पर, हिशेब, विमा, ग्रंथालय, उपासनेनंतरचा चहा हे वेगळेच. ही सगळी कामे सभासदच वाटून घेतात. तिकडे एक बोलणे रूढ आहे: आम्ही पुरोहित रद्द केले नाहीत, नुसते ऐकायला येणारे भाविक रद्द केले. जगातल्या सुमारे चार लाख क्वेकरांपैकी सर्वांत मोठा गट आज केनियात आहे आणि तिथे पास्टर असतात, प्रवचने होतात, गाणी होतात. या प्रकरणाचा विषय आहे तो ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पाद्रीविहीन मंडळींचा. साडेतीनशे वर्षे त्यांना एकच कोडे सुटता सुटत नाही: कोणते काम कुणाकडे द्यायचे?

आपल्याकडच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत हे कोडे अर्ध्या मिनिटात सुटते. सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की सगळे मान खाली घालून अहवालाची पाने चाळू लागतात आणि जो चुकून वर बघतो त्याच्या गळ्यात माळ पडते. क्वेकरांनी मात्र या कामासाठी नावे सुचवणारी वेगळी समिती नेमली आणि त्या समितीचे काम हाही उपासनेचाच भाग मानला. ती बैठक मौनाने सुरू होते. टेबलावर दोन याद्या असतात, एक पदांची आणि दुसरी माणसांची. दुसरी यादी एकेक नाव घेत सावकाश वाचली जाते. त्या वेळी मनात धरायचा प्रश्न ‘हा मोकळा आहे का’ असा नसतो. या माणसात काय आहे, आज त्याच्या घरी काय चालले आहे आणि कोणत्या कामात तो फुलेल, असा तो असतो. नाव मनात आले की त्या व्यक्तीला गाठून काम काय, किती वर्षांचे, सोबत कोण आणि मुख्य म्हणजे तुमचेच नाव का पुढे आले, हे सांगायचे. ‘फारसे काही काम नाही हो’ असे सांगून होकार मिळवणे गैर समजले जाते. नकार द्यायची मोकळीक पुरती असते. होकार मिळाला तरी नेमणूक झालेली नसते, कारण समितीला फक्त नाव पुढे करण्याचा अधिकार आहे. नेमते ती कामकाजाची सभा. सभेचा क्लार्क तिथल्या तिथे इतिवृत्ताचा मसुदा लिहितो, तोवर सगळे गप्प बसून असतात. मग तो मसुदा वाचतो आणि सभा मान्य असल्याचे सांगते. मतदान होत नाही. ब्रिटनमध्ये मान्यतेचा शब्दही ‘होय’ नसतो, लोक ‘होप सो’ म्हणतात, म्हणजे तसे असावे अशी आशा आहे. एखादे नाव पटले नाही तर जुन्या क्वेकरांची सभ्य तऱ्हा अशी की ‘हे नाव मला सुचले नसते’. ऐकणाऱ्याला त्यातून काय कळायचे ते कळते.

या सगळ्या खटाटोपामागचे गृहीत असे की माणसाच्या अंगचा गुण ही त्याची खासगी मालमत्ता नव्हे. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शरीर एक आणि अवयव अनेक, देणग्या निरनिराळ्या पण त्या सगळ्यांच्या हितासाठी, अशी मांडणी आहे. क्वेकरांनी तीच पुढे नेली. गुण मंडळीसाठी दिलेला असेल, तर तो ओळखण्याचे कामही मंडळीचेच ठरते. इथेच त्यांची रीत आजच्या मनुष्यबळ विभागांच्या पद्धतीपासून फुटून निघते. तिथे उमेदवार आपल्या कौशल्यांची यादी देतो आणि कंपनी ती पदाशी जुळवते. क्वेकर मंडळ्यांतही अलीकडे ‘तुम्हाला काय काय येते’ अशी प्रश्नावली वाटण्याची टूम निघाली आहे आणि तिने थोडीफार सोय होतेही. लेखापाल कोण, सुतारकाम कुणाला येते, हे कळते. पण माझे म्हणणे असे की अशी प्रश्नावली या रीतीचा कणाच काढून घेते. आपल्याला काय येते हे माणूस सांगू शकतो, पण आपल्या असण्याने इतरांवर काय परिणाम होतो हे त्याला सहसा दिसत नाही. भांडणाऱ्या दोघांमध्ये जी बाई नुसती येऊन बसली की आवाज खाली येतात, ती प्रश्नावलीत ‘भांडण मिटवणे’ या रकान्यात खूण करत नाही. ते शेजाऱ्याने पाहिलेले असते.

क्लार्कच्या पदावरून हे चांगले उमगते. बाहेरच्याला क्लार्क म्हणजे अध्यक्ष वाटतो. त्याने सभा चालवायची असते हे खरे, पण स्वतःचे मत मांडायचे नसते. दहा जण बोलून गेल्यावर सभेचा कौल कुठे जमत चालला आहे हे त्याला ओळखायचे असते. बहुमत मोजायचे नसते आणि जोरात बोलणाऱ्याला जास्त वजनही द्यायचे नसते. मागच्या रांगेतल्या एकाच माणसाची अस्वस्थता खरी वाटली तर विषय पुढच्या सभेवर टाकायचा असतो. शिवाय हे सगळे दोन-चार वाक्यांत, सगळ्यांसमोर, लगेच लिहून काढायचे असते. म्हणजे इथे हवा तो ऐकण्याचा आणि नेमके लिहिण्याचा गुण. एरवी ज्याला आपण नेतृत्व म्हणतो, ते वक्तृत्व आणि तो ठामपणा या खुर्चीत अडचणच करतात. आपणहून पुढे येणाऱ्यांतून निवड केली असती तर बहुधा नेमका चुकीचा माणूस मिळाला असता. मतदानाने निवडला असता तर तो आणखी जोमाने चुकीचा निघाला असता.

हा विचार चळवळीइतकाच जुना आहे. १६५२ मध्ये क्वेकरांचा संस्थापक जॉर्ज फॉक्स उत्तर इंग्लंडमध्ये प्रवचने करीत फिरत होता तेव्हा अल्व्हर्स्टनजवळच्या स्वॉर्थमूर हॉलमध्ये त्याची मार्गारेट फेलशी भेट झाली. फॉक्सकडे वाणी होती, डोंगरावर उभे राहून शेकडो लोकांना हलवून सोडण्याची ताकद होती. फेलकडे घर होते, संपर्क होते आणि पत्रे लिहिण्याची, जपण्याची, पुढे पाठवण्याची चिकाटी होती. तुरुंगात पडलेल्या आणि गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांना कपडे, पैसे, निरोप पोचवण्यासाठी १६५४ मध्ये केंडल निधी उभा राहिला, त्यामागे तिचा हात होता. नंतर छळाच्या कायद्यांनी क्वेकर हजारोंनी तुरुंगात गेले आणि त्यांच्या बरोबरीने उगवलेले कितीतरी पंथ विरून गेले. फॉक्सने १६६० च्या दशकाअखेर कामकाजाच्या मासिक सभांची घडी बसवली नसती तर क्वेकरही त्याच वाटेने गेले असते. हिशेब ठेवणे आणि बोलणे या दोन्हींना त्यांनी एकाच पंक्तीला बसवले, हे त्यांच्या टिकण्याचे एक कारण आहे.

या रीतीचा सर्वांत बोलका पुरावा फिलाडेल्फियाच्या १७५८ च्या वार्षिक सभेत सापडतो. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सीतल्या अनेक क्वेकरांच्या घरी तेव्हा गुलाम होते. न्यू जर्सीतल्या माउंट हॉलीचा जॉन वूलमन हा शिंपी आणि दुकानदार. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहून दिला होता आणि ते त्याला कायमचे टोचत राहिले. पुढे असे कागद लिहायला तो नकार देऊ लागला, पण तोही रागावून नव्हे, शेजारी बसून समजावत. १७५८ च्या सभेत गुलामगिरीवर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरले की गुलाम बाळगणाऱ्या सभासदांना घरोघरी जाऊन भेटायचे. जायला ज्यांचे मन मोकळे आहे अशांची नावे इतिवृत्तात नोंदली गेली आणि त्यात वूलमन होता. इथे ‘मन मोकळे असणे’ आणि ‘सभेने नोंदणे’ या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. नुसती स्वयंस्फूर्ती असती तर एकटा सुधारक दारोदार फिरला असता, नुसती नेमणूक असती तर नाइलाजाने चार माणसे गेली असती. काम होते श्रीमंत ओळखीच्या माणसाच्या घरी बसून, त्याचे जेवण जेवून, त्याला अवघड गोष्ट सांगण्याचे. प्रवासात गुलामांकडून सेवा घ्यावी लागली की वूलमन त्या सेवेचे पैसे देत असे, कधी थेट त्यांच्या हाती, कधी यजमानाकरवी. यजमानाला ते बोचायचे, पण भांडायला जागा उरायची नाही. हा स्वभाव शिकवून येत नाही, आणि त्या कामाला दुसरा कुठला स्वभाव चालला नसता. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्यांना सभासदत्वच नाकारले. त्याला अठरा वर्षे लागली आणि एकट्या वूलमनचे हे श्रेय नाही, पण घरोघरच्या त्या भेटींवाचून ते झाले असते असे वाटत नाही.

लंडनमधले पुढचे पाऊल वेगळ्याच बाजूने शिकवते. तिथल्या क्वेकरांनी १७८३ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध २३ जणांची समिती नेमली. निवेदने गेली, पत्रके वाटली गेली, परिणाम मात्र बेताचाच झाला. चार वर्षांनी, २२ मे १७८७ रोजी, जॉर्ज यार्डमधल्या जेम्स फिलिप्सच्या छापखान्यात बारा जणांची नवी समिती बसली. त्यात नऊ क्वेकर होते आणि तीन बाहेरचे, ग्रॅनव्हिल शार्प, थॉमस क्लार्कसन आणि फिलिप सॅन्सम. फिलिप्स मुद्रक, सॅम्युअल होअर पेढीवाला म्हणून खजिनदार, ही जुळणी सरळच होती. खरी समज दिसते ती क्लार्कसनला घेण्यात. बंदरांतून घोड्यावरून भटकणे, खलाशांकडून साक्षी काढणे, बेड्या आणि चाबूक पुरावा म्हणून गोळा करणे, हे निवांत पेढीवाल्यांच्या आवाक्यातले नव्हते. शिवाय शपथ घेण्यास नकार देणाऱ्या क्वेकरांना संसदेची दारे बंद होती, म्हणून तिथली बाजू खासदार विल्यम विल्बरफोर्सने लढवली. जो गुण आपल्या मंडळीत नाही तो नाही हे कबूल करून बाहेर शोधणे, हेही गुणपारखीतच मोडते. कामे आपसांतच वाटून घ्यायची सवय लागलेल्या लहान समाजाला ते सगळ्यात जड जाते.

यावर पहिला आक्षेप अगदी व्यवहाराचा आहे. क्लार्क आणि वूलमन ठीक, पण कपबशा धुण्याची देणगी कुणाला मिळालेली असते? खुर्च्या मांडणे, नाली साफ करून घेणे, वीजबिल भरणे ही कामे गुण बघून वाटायला बसलो तर ती पडूनच राहतील. आक्षेप निम्मा बरोबर आहे. काही कामे पाळीनेच व्हायला हवीत आणि शहाण्या मंडळ्या ती समितीकडे न देता भिंतीवर यादी लावून मोकळ्या होतात. पण उरलेल्या निम्म्यात गफलत आहे. दारावर उभे राहून येणाऱ्याचे स्वागत करणे हे यादीत हलके काम दिसते. नवखा माणूस मात्र पुन्हा येतो की नाही, हे पुष्कळदा त्या दोन मिनिटांवर ठरते. कोणाशी हात मिळवून सोडून द्यायचे आणि कोणाजवळ थोडे थांबायचे, हे कळणारी माणसे प्रत्येक मंडळीत मोजकीच असतात. काम हलके की भारी याची आपली उतरंड चुकीची असते, आणि गुण बघायला लागले की ती उतरंडच ढवळली जाते.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. दुसऱ्यांनी गुण ओळखायचे म्हटले की ओळखणारे कोण, हा प्रश्न आलाच. त्यांना आपल्यासारखेच लोक दिसतात. शिकलेले, मध्यमवर्गीय, शांत बोलणारे. क्वेकरांत ‘वजनदार फ्रेंड’ (फ्रेंड म्हणजे क्वेकर सभासद) असा शब्दप्रयोग आहे आणि ज्यांच्या शब्दाला वजन त्यांचीच नावे फिरत राहतात, ही तक्रार तिथेही जुनीच आहे. इतिहासातला पुरावा तर आणखी बोचरा आहे. वूलमनच्या वीस वर्षे आधी बेंजामिन ले नावाचा, जेमतेम चार फूट उंचीचा क्वेकर गुलामगिरीविरुद्ध पेटून उठला होता. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या सभेत तो झग्याखाली लष्करी पोशाख घालून आला. पोकळ पुस्तकात लाल रसाची पिशवी दडवली होती, ती तलवारीने फोडून त्याने जवळच्या लोकांवर ‘रक्त’ शिंपडले. त्याला उचलून बाहेर काढण्यात आले आणि सभासदत्वही गेले. क्वेकरांचे छापील साहित्य तपासणाऱ्या मंडळात तेव्हा गुलाम बाळगणारेही बसत होते, तेव्हा ले याचा गुण कोणत्या समितीने ओळखला असता? कोणत्याच नाही. नावे सुचवणारी समिती मंडळीच्या स्वार्थापलीकडे पाहू शकत नाही, हे मान्य करायलाच हवे.

तरी यावरून रीतच टाकून द्यावी असे निघत नाही. मतदान असते तरी १७३८ मध्ये ले हरलाच असता, आणि दणदणीत मतांनी. या रीतीत निदान दोन फटी ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे मुदत. ब्रिटनमध्ये बहुतेक नेमणुका तीन वर्षांच्या असतात आणि एकाच पदावर सहसा सहा वर्षांपेक्षा जास्त कुणाला ठेवत नाहीत. नावे सुचवणारे स्वतःही बदलतात आणि त्यांना सुचवायला कधीकधी वेगळीच लहान समिती बसते. दुसरी फट अशी की समितीवर जागा मिळणे हाच गुणाचा एकमेव मार्ग नाही. एखाद्याला एखादे काम आतून टोचत असेल तर तो ते घेऊन मंडळीपुढे येऊ शकतो. त्यासाठी चार-पाच जण त्याच्याबरोबर बसतात, सल्ला न देता फक्त प्रश्न विचारतात आणि ते काम खरोखर त्याचे आहे का हे त्यालाच स्पष्ट होऊ देतात. पद नसलेली कितीतरी माणसे या दाराने बाहेर पडली. मार्जरी साइक्स ही इंग्रज क्वेकर शिक्षिका गांधींनी बोलावल्यावरून सेवाग्रामच्या नई तालीमच्या कामात आली, ती काही कोणत्या समितीची रिकामी जागा भरायला नव्हे. दोन्ही फटी अपुऱ्या आहेत, पण ज्या मंडळ्या त्या बुजवतात तिथे तीच ती सहा नावे वर्षानुवर्षे इकडून तिकडे सरकत राहतात.

कुणी असेही म्हणेल की आधी गुण दिसला तरच काम द्यायचे, तर माणूस वाढणार कसा? गुण ओळखायचा म्हणजे पक्का झालेला गुणच शोधायचा, अशी समजूत यामागे आहे. कसलेल्या क्लार्कजवळ सहायक क्लार्क बसवतात ते याचसाठी. अंकुर दिसला तरी पुरे, पण तो कुणाला तरी दिसलेला हवा. ‘हिला जबाबदारी दिली की आपोआप शिकेल’ हे वाक्य बहुतेकदा तिच्याकडे पाहून कुणी बोलत नाही, रिकाम्या जागेकडे पाहून बोलतात.

आणि रिकामी जागा हाच या रीतीचा खरा कस आहे. गुण आधी आणि जागा नंतर असे मानायचे, तर कुणीच सापडले नाही तेव्हा जागा रिकामी सोडण्याची आणि वेळ आली तर समितीच बंद करण्याची तयारी हवी. क्वेकरांच्या परिभाषेत समिती ‘खाली ठेवतात’, हातातले ओझे खाली ठेवावे तशी. पण खाली ठेवणे फार कमी वेळा होते. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या उत्साही माणसाभोवती निघालेली शांतता समिती तो माणूस गेल्यावरही दर तीन वर्षांनी नावे मागत राहते आणि नावे सुचवणारे फोन फिरवत राहतात. जागा भरत नाही, याचा अर्थ मंडळी आळशी झाली असाच काढला जातो. त्या कामात आज कुणाचा जीव उरलेला नाही, असा अर्थ क्वचितच निघतो. समित्यांवर तीन-तीन पदे सांभाळून थकलेली माणसे शेवटी उपासनेलाही येईनाशी होतात, मग उरलेल्यांवरचे ओझे आणखी वाढते.

या युक्तिवादाला खरी अडचण आहे ती कायद्याची. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या धर्मादाय कायद्यानंतर क्वेकरांच्या प्रादेशिक मंडळांनाही विश्वस्त, लेखापरीक्षा, मुलांच्या सुरक्षेची व्यवस्था यांची चौकट सांभाळावी लागते. शांतता समिती खाली ठेवता येते, विश्वस्तपद येत नाही. वीस-पंचवीस म्हाताऱ्या माणसांच्या मंडळीला निवड करायला वावच नसतो आणि अशा मंडळ्या ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. तरी मला वाटते इथेही प्रश्न उलटा मांडला पाहिजे. कायद्याने जे सक्तीचे आहे ते शेजारच्या मंडळ्यांनी एकत्र येऊन एकाच विश्वस्त मंडळाकडे द्यावे, हिशेब आणि इमारत पगारी माणसाकडे द्यावी. पाद्र्याला पगार न देण्याचे तत्त्व हिशेबनिसालाही लागू होते असे कुठे लिहिलेले नाही. ब्रिटनचे क्वेकर गेल्या काही वर्षांत याच दिशेने सरकत आहेत. काही प्रादेशिक मंडळे एकत्र आली, काहींनी नोकर नेमले, आणि हे करताना दोन मैलांवरच्या इमारतीची किल्ली आता कुणाकडे राहणार यावरून तासतासभराच्या सभा झाल्या. एवढे झाल्यावर पदांची यादी एका पानावर येते आणि समिती माणसांची यादी पुन्हा सावकाश वाचू शकते.